डिस्चार्ज मिळाला... पण घरी कधी जायचं?

गळ्यात स्टेथोस्कोप नाही, अंगात पांढरा कोट नाही. तरीही हॉस्पिटलमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तुमचं अर्धं आयुष्य यांच्या हातात असतं! हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेऊन बाहेर पडलेल्या एका बॅचची ही खबरबात...

सकाळचे अकरा. राऊंडला आलेले डॉक्टर पेशंटच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, 'छान! आज घरी जा.' मुलगा लगेच घरी फोन लावतो, 'आई, वरणभात टाक, बाबांना घेऊन येतोच.' बॅग भरली जाते. थर्मास धुतला जातो. शेजारच्या बेडवाल्या काकांचा निरोपही घेऊन होतो. बारा वाजतात. मग दोन. मग चार! बाबा घरचे कपडे घालून बेडच्या कडेला बसलेत आणि मुलगा काऊंटरवर जाऊन ओरडतोय, 'अहो, सकाळी डिस्चार्ज दिलाय ना? मग आम्हाला डांबून का ठेवलंय?'

काऊंटरच्या पलीकडे एक पंचविशीतली मुलगी शांतपणे ऐकून घेतेय. तिच्या टेबलावर सात फायली आहेत आणि त्यातल्या प्रत्येक फाईलमागे असाच एक चिडलेला मुलगा आहे. ती डॉक्टर नाही, सिस्टर नाही, कॅशियरही नाही. ती चक्क पोस्ट ग्रॅज्युएट आहे, हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये. घरी आजीने विचारलं होतं, 'म्हणजे तू कोट घालणार नाहीस तर!' त्या प्रश्नाला अजून तिच्याकडे धड उत्तर नाही.

पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटमधून ही मुलगी आणि तिचे चार मित्रमैत्रिणी एकाच वर्षी बाहेर पडले. कुणी होमिओपॅथ, कुणी डेंटिस्ट, कुणी फिजिओथेरपिस्ट, एक फार्मसीवाला आणि एक कॉमर्सवाली. कॅम्पसमध्ये असताना सगळ्यांचं स्वप्न एकच. काचेची केबिन आणि दारावर 'अॅडमिनिस्ट्रेटर' अशी पाटी! प्रत्यक्षात पहिल्या दिवशी हातात काय आलं? वॉकीटॉकी आणि तिसऱ्या मजल्याचा वॉर्ड. पगार म्हणाल, तर हिंजवडीत आयटीत शिरलेल्या शाळेतल्या मित्रांपुढे सांगायची चोरी. त्यात दिवाळीलाही ड्युटी, कारण हॉस्पिटलला लक्ष्मीपूजन माहीत नसतं.

तरीही आज पाचपैकी पाचही जण याच फील्डमध्ये आहेत. कसे काय?

पाच तासांचं कोडं

काऊंटरवरच्या त्या मुलीपासूनच सुरुवात करू. शिव्या खाऊन खाऊन कंटाळल्यावर तिने एक साधी गोष्ट केली. महिनाभर वहीत वेळा लिहून काढल्या. डॉक्टर 'घरी जा' किती वाजता म्हणाले, आरएमओने समरी किती वाजता लिहिली, फाईल बिलिंगला कधी पोचली, बिल कधी निघालं, व्हीलचेअर कधी आली... सगळं.

तोवर सगळ्यांचा समज एकच होता, की बिलिंगवाले स्लो आहेत. वहीने भलतंच सांगितलं. बिल काढायला फारसा वेळ लागतच नव्हता. वेळ जात होता तो न वापरलेली औषधं आणि इंजेक्शनं वॉर्डातून फार्मसीत परत करण्यात! ती परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही. आणि ती न्यायला वॉर्डबॉय मिळायचा दुपारच्या जेवणानंतर. डिस्चार्ज समरीचीही तीच गत. ती लिहिणारा ज्युनिअर डॉक्टर त्या वेळी ओटीत.

मग उपाय? उद्या कोण घरी जाणार, हे आदल्या संध्याकाळच्या राऊंडलाच विचारायचं. समरीचा कच्चा मसुदा रात्रीच तयार. औषधं रात्रीच परत. नातेवाईकांना बिलाचा अंदाजही रात्रीच. सकाळी राहतो तो फक्त शेवटचा चेक. कागदावर किती सोपं वाटतं ना? पण त्यासाठी सीनिअर डॉक्टर, सिस्टर, फार्मसी आणि बिलिंग अशा चार दरबारांत तिला फेऱ्या माराव्या लागल्या. यातला एकही माणूस तिला रिपोर्ट करत नाही. हुकूम चालत नाही, फक्त गोड बोलणं चालतं. हा या नोकरीचा खरा फंडा.

आता वाटेल, एवढा आटापिटा कशाला? थोडा उशीर झाला तर काय बिघडलं? बिघडतं. वर बाबा रिकामे बसून असतात, तेव्हा खाली कॅज्युअल्टीत दुसरं कुणीतरी त्याच बेडची वाट बघत स्ट्रेचरवर पडलेलं असतं.

टेबलाच्या पलीकडून

बॅचमधला फार्मसीवाला गेला विम्याच्या बाजूला, टीपीएत. म्हणजे हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांच्यामधला दुवा. कॅशलेस पेशंटची फाईल त्याच्यासमोर येते आणि तो 'क्वेरी' काढतो. हॉस्पिटलातले सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात, त्याची काऊंटरवरची मैत्रीणसुद्धा!

2024 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने नियम कडक केले. कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापोटी जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे. पेशंटच्या दृष्टीने सॉलिड नियम. पण हे घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर. कागदच अर्धवट गेले तर? पुन्हा क्वेरी, पुन्हा वाट.

त्याचा अनुभव असा, की बऱ्याच क्वेऱ्या आजाराबद्दल नसतातच. एखादा रिपोर्ट जोडायचा राहिलेला असतो, आधार कार्डावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव जुळत नाही, नाहीतर मधुमेह किती वर्षांपासून आहे हे केसपेपरवर दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेलं असतं. म्हणून आता दोघं मित्र संध्याकाळी फोनवर भांडतात आणि भांडता भांडता एकमेकांना शिकवतात. वाचकहो, तुम्हीही एक करा. पॉलिसीची कॉपी, कार्ड आणि जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये आजच लावून ठेवा. अॅडमिट व्हायच्या रात्री कपाट उपसत बसू नका.

दोन पाटील, एक मजला

होमिओपॅथ मैत्रीण क्वालिटी विभागात गेली. हॉस्पिटलला 'एनएबीएच'चं मानांकन मिळवायचं म्हणजे काय? तर कपाटभर फायली, असं तिला आधी वाटलं होतं. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीतून बाहेर जाण्याआधी असं तीनदा थांबून खात्री करायची, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची चेकलिस्ट. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी कचऱ्याची रंगवार विभागणी. हे सगळं तिने तोंडपाठ केलं, पोस्टर लावले, फायली रंगवल्या.

एके दिवशी एकाच मजल्यावर दोन पाटील अॅडमिट होते. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याच्या हाताजवळ पोचलं. नेमकी तेव्हा मावशींनी हाक मारली, 'सिस्टर, हे ते पाटील न्हाईत, ते खिडकीजवळचे!' अनर्थ टळला. गंमत म्हणजे तिच्या एकाही ट्रेनिंगला मावशींना बोलावलं नव्हतं. ट्रेनिंग इंग्रजीत होतं ना!

पुढच्या आठवड्यापासून ट्रेनिंग मराठीत सुरू झालं आणि मावशी आणि मामा पहिल्या रांगेत बसले. नियम एकच घोकून घेतला. पेशंटला बेड नंबरने किंवा आडनावाने ओळखायचं नाही, पूर्ण नाव आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर दोन्ही बघायचे. आणि चूक होता होता टळली, तर लपवायची नाही, लिहून द्यायची. सगळ्यात अवघड गेलं ते हेच. 'लिहून दिलं तर पगार कापणार नाही ना?' हा प्रश्न तिला अजूनही विचारला जातो.

पण आपण कुणाच्या बाजूचे?

डेंटिस्ट मुलगा एका मोठ्या हॉस्पिटलच्या मार्केटिंगमध्ये आहे आणि कॉमर्सवाली एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये. बॅच भेटली की यांचाच वाद रंगतो. त्याला दर महिन्याला बेड किती भरले, याचा हिशोब द्यावा लागतो. बेड रिकामा राहिला तर पगार कुठून होणार, हा त्याचा सवाल. तोही खोटा नाही. लाईट, ऑक्सिजन, रात्रपाळीच्या सिस्टर... रिकाम्या बेडलाही खर्च असतो.

कॉमर्सवालीची गोष्ट वेगळी. ती बिलिंगमध्ये असताना एक बाई हातातल्या पाटल्या रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. 'ताई, आजूबाजूला सोनार आहे का?' एवढंच विचारलं त्यांनी. नवरा आयसीयूत होता. हिने सहज रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला विचारला आणि चाटच पडली. त्यांच्यासाठी तर योजना होती! मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार, महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतले 2 टक्के वेगळ्या फंडात जातात. हे सगळं हिने परीक्षेत लिहिलं होतं, दहा मार्कांना! पण त्या बाईंना अॅडमिट झाल्यापासून कुणी सांगितलंच नव्हतं.

पाटल्या परत हातात गेल्या. पण त्याआधी अशा किती गेल्या असतील, हा विचार हिच्या डोक्यातून जाईना. तिने वरिष्ठांकडे जाऊन दोन गोष्टी मागितल्या. अॅडमिशनच्या फॉर्मवरच 'कोणती योजना लागू होते?' असा रकाना आणि दारात दिसेल असा मराठी बोर्ड. 'सगळेच मागायला लागतील' असं उत्तर मिळालं. ती म्हणाली, 'मागू देत. कागद तपासायला मी आहे ना!' बोर्डाला चार महिने लागले, पण लागला. आज महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र आणि ती, असं मिळून पेशंटच्या पहिल्याच दिवशी कागद बघतात.

मार्केटिंगवाल्या मित्राने तिला त्या दिवशी कॉफी पाजली म्हणे. वाद मात्र मिटलेला नाही आणि मिटूही नये. हॉस्पिटल चाललं पाहिजे आणि माणूस लुटला जाता कामा नये. या दोन वाक्यांमध्ये जी अरुंद जागा उरते, तिथे उभं राहायचा पगार यांना मिळतो.

तुम्हालाही यायचंय?

• एमबीबीएस असायलाच हवं असं नाही. होमिओपॅथी, आयुर्वेद, डेंटल, फिजिओ, फार्मसी, नर्सिंग, एवढंच नव्हे तर कॉमर्सवालेही येतात. दिल्लीच्या 'एम्स'मधला कोर्स मात्र डॉक्टरांसाठी.

• मुंबईत 'टिस', पुण्यात 'सिम्बायोसिस', जयपूरला 'आयआयएचएमआर' ही ओळखीची नावं. प्रवेशाचे नियम बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहिती बघा.

• इंटर्नशिप कुठे आणि किती महिन्यांची, हे फीच्या आधी विचारा. वॉर्डात पाय न ठेवता मिळालेली डिग्री पहिल्याच आठवड्यात उघडी पडते.

• केबिनचा हट्ट सोडा. पहिलं वर्ष काऊंटर मागून घ्या. हॉस्पिटल कुठे अडतं, ते तिथूनच दिसतं.

काऊंटरवरची ती मुलगी आता तीन मजले सांभाळते. परवा एक आजोबा सकाळी अकराला राऊंड झाल्यावर साडेबाराला गाडीत बसलेसुद्धा. जाताना डॉक्टरांना हात जोडले, सिस्टरना पेढे दिले. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. तिने वहीत वेळ लिहिली आणि पुढची फाईल उघडली.