७२० कोयना

कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी. पावसाळ्यात हा आकडा शेतकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी. भरलेली कोयना डोळ्यांसमोर आणा. आता तशा ७२०.

१९९३ ते २०१० या अठरा वर्षांत माणसाने जगभरात जमिनीखालून उपसलेलं आणि पावसाने भरून न निघालेलं पाणी अंदाजे एवढं आहे: २,१५० अब्ज टन. दर नऊ दिवसांनी एक कोयना रिकामी. पिकांतून, वाफेतून, नद्यांतून ते अखेर समुद्राला मिळालं आणि समुद्राची पातळी ६ मिलिमीटरने चढली. एवढं ओझं इकडून तिकडे गेलं म्हटल्यावर फिरत्या पृथ्वीचा तोलही सरकला. दक्षिण कोरियाचे की-वॉन सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला: या उपशाने पृथ्वीचा अक्ष सुमारे ८० सेंटिमीटर पूर्वेकडे ढळला. ओझं हललं त्यातल्या दोन मोठ्या जागा म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आपला वायव्य भारत.

अडीच फुटांहून जास्त! अख्ख्या पृथ्वीचा अक्ष, आणि तो हलवणाऱ्यांत बांधावरची पाच अश्वशक्तीची मोटरसुद्धा आहे.

भारताचा वर्षाचा उपसा सुमारे २४० अब्ज घनमीटर, म्हणजे ८० कोयना. त्यातलं बरंचसं पाऊस परत भरतो, पण सगळीकडे नाही. पंजाबात जेवढं भरतं त्याच्या दीडपटीहून जास्त निघतं. आपल्याकडे तर खाली काळा कातळ. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि सांध्यांत. बोअरची गाडी शिवारात लागते, करड्या भुकटीचा लोट उठतो, सगळं घर जवळ उभं असतं. भुकटी ओली झाली की चेहरे खुलतात. दोनशे फुटांवर नाही लागलं तर चारशे, मग सहाशे. फुटाफुटाला पैसे मोजायचे. कोरडी गेली की कोणी बोलत नाही, गाडी पुढच्या शेतात जाते. त्या शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पीक डोळ्यांदेखत जळत असतं.

या गाडीचं राज्य जेमतेम पन्नास वर्षांचं. त्याआधीही इथे माणसं राहत होती, दुष्काळ सोसत होती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७००, नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. पुराचं पाणी वळवायला त्या लोकांनी बांध घातला, चर खणला, धान्याची कोठारं बांधली, जव पिकवला. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस घटला. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. तशा हलाखीतही गाव आणखी तीनशे वर्षं तगलं, मग उठलं.

त्यांच्याकडे बोअर नव्हती. पाऊस कमी झाला तो त्याच वर्षी कोठारात दिसला आणि त्याच वर्षी कमी खावं लागलं. बोअर आपल्याला ते दिसूच देत नाही. त्याच घोडच्या खोऱ्यात आज भर मे महिन्यात हिरवागार ऊस उभा असतो.