रमाईचा त्याग सांगतो, रमाईचे वय का सांगत नाही?

७ फेब्रुवारी. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात माता रमाई जयंतीचा कार्यक्रम होता. मंचावर आम्ही वक्ते ओळीने बसलो होतो. रमाईने गोवऱ्या थापल्या, उपाशीपोटी संसार केला, बाबासाहेबांच्या अभ्यासाला आपल्या दुःखाची झळ लागू दिली नाही, असे प्रत्येक जण सांगत होता. समोर बसलेल्या बायांचे डोळे पाणावत होते. तेवढ्यात विहाराच्या मागे गलका झाला. पहाटेपासून दोनशे माणसांचा स्वयंपाक करणारी आमच्या महिला मंडळाची एक कार्यकर्ती चुलीजवळच चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात नेले, रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेसहा! डॉक्टरांनी विचारले, "मावशी, सकाळपासून काय खाल्लं?" ती म्हणाली, "दोनदा चहा झाला की. सगळ्यांचं उरकल्यावर जेवणारच होते."

मंचावर मी त्यागावरच बोलले होते. त्या उत्तराने मला खाली मान घालावी लागली.

२७ मे १९३५ रोजी दीर्घ आजारानंतर रमाई गेली तेव्हा तिचे वय अवघे ३७ होते. त्याआधी चार लेकरे तिने डोळ्यांदेखत गमावली होती. हे वय आपण भाषणात किती वेळा सांगतो? रमाईपुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. तरीही उपाशी राहणे आणि दुखणे अंगावर काढणे यालाच आपण बाईचा मोठेपणा समजतो. सर्वांच्या शेवटी जेवते ती चांगली बाई, ही शिकवण कोणाची? बावीस प्रतिज्ञा घेऊन जी व्यवस्था आपण नाकारली, तिचीच ना? मग ती आपल्या स्वयंपाकघरात अजून कशी टिकून आहे?

बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचा प्रश्न कधीही घरगुती म्हणून सोडून दिला नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलमध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. विश्रांती हा बाईचा हक्क आहे, हे आपल्या नेत्याने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कौन्सिलमध्ये मांडले. आपण तो हक्क घरात तरी दिला आहे काय?

आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के महिलांना २०१५-१६ मध्ये रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, आळशी झाली आहे!

म्हणून भगिनींनो, पहिली सवय ताटाची. घरच्यांबरोबर जेवायला बसा. मेथी, शेवग्याचा पाला, मटकी, हरभरा, अंडी, जमेल तेव्हा कलेजी, यांत आपलाही वाटा ठेवा. जेवणात लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जाते, म्हणून मध्ये तासाभराचे अंतर ठेवा. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात टाकू नका. त्यांनी शौचास काळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या.

दुसरी सवय पाण्याची. एका तालुका न्यायालयात मी वकिली करत होते, तेव्हा तिथल्या महिलांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असे. मी सकाळपासून पाणीच पीत नसे. शेवटी लघवीला जळजळ आणि तापाने आठवडाभर अंथरुणावर पडले. कायदा शिकलेल्या बाईची ही गत, तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजूर बाईचे काय? पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका. जिथे सोय नाही तिथे ती मागा. ती मागणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे.

तिसरी गोष्ट मिश्रीची. माझी आई रोज पहाटे मिश्री लावायची. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो आणि गरोदर बाईचे मूल कमी वजनाचे जन्मते. पंचशील घेताना पाचवे शील आपण नवऱ्याच्या दारूपुरतेच समजतो. मिश्रीची डबीही त्यातच येते.

चौथी गोष्ट, आपले शरीर ओळखा. पाळीचे कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवा, दोरीखाली लपवू नका. महिन्यातून एकदा, पाळीनंतर काही दिवसांनी, आपली छाती स्वतः तपासा. गाठ लागली तर दुखत नाही म्हणून थांबू नका. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कॅन्सरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, तिचा लाभ घ्या. पोटात दुखते म्हणून कोणी लगेच पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. हे २०१९ साली उघड झाले. खाडा पडला की पैसे कापले जातात, या भीतीपोटी बाई शरीराचा भागच काढून टाकते!

आणि मनाचे काय? माझ्याकडे पोटगीच्या केसेस घेऊन बाया येतात. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याची पगाराची स्लिप असते, मुलांच्या फीच्या पावत्या असतात. तिच्या स्वतःच्या तपासणीचा एक कागद नसतो. झोप लागते का, असे विचारले की रडू फुटते. अशा वेळी गप्प बसू नका. मैत्रिणीशी बोला, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येते. रोज अर्धा तास विहारात शांत बसा. तो वेळ वाया गेला असे समजू नका.

बंधूंनो, हा लेख फक्त बायांसाठी आहे असे समजून पान उलटू नका. बाईने लवकर जेवायचे तर भांडी कोणीतरी घासली पाहिजेत. तिने दवाखान्यात जायचे तर त्या दिवशी मुलांना कोणीतरी सांभाळले पाहिजे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हा विचार बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत मांडला. तो आपण फलकावर लिहितो, मग घरातही आणू या.

आमच्या महिला मंडळाने आता ठरवले आहे. येत्या रमाई जयंतीला भाषणांच्या आधी प्रत्येक भगिनीचे रक्त आणि रक्तदाब तपासायचा. स्वयंपाक पुरुषांनी करायचा आणि पहिली पंगत बायांची बसवायची. तुमच्या विहारातही हे ठरवा.

जयभीम!