रक्तातील आकडे आणि कोरोनाचा धोका

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुका एकाएकी देशभरातील वृत्तपत्रांत झळकला. तालुक्यातील देगाव येथील निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थ्यांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले होते. याच तालुक्यातील केनवडसारख्या गावांपुढे त्या काळात एक प्रश्न वारंवार उभा राहत होता. लागण झाली की नाही, हे तपासणीतून कळते. पण बाधितांपैकी कोण घरीच बरा होईल आणि कोणाला प्राणवायूची किंवा अतिदक्षता विभागाची गरज भासेल, हे कसे ओळखायचे?

शहरात हा प्रश्न मुख्यतः खाटांचा होता. खेड्यात तो वेळेचाही होता. केनवडच्या रुग्णाची प्रकृती ढासळली, तर आधी रिसोडचे ग्रामीण रुग्णालय, मग वाशीमचे जिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी ही वाट होती. वाशीमचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ मध्ये. अशा ठिकाणी रुग्ण पुढे पाठविण्याचा निर्णय एक दिवस आधी घेता आला, तर त्याचे मोल जिवाइतके असते. हृदय व रक्त यांच्याशी निगडित सूचक घटकांचे महत्त्व आहे ते याच संदर्भात.

आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचे अस्तित्व सांगते. आजार किती गंभीर होणार, हे ती सांगत नाही. गंभीर कोरोनात विषाणूने केलेल्या हानीइतकीच हानी शरीराच्या अनावर झालेल्या प्रतिकारामुळेही होते. साधारणतः आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात काही रुग्णांमध्ये हा दाह भडकतो आणि त्याच्या खुणा रक्तात उमटतात. दाहाचा संदेश मिळताच यकृत 'सीआरपी' नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करते. फेरिटिन वाढते. रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. दाहामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावले जाऊन बारीक गुठळ्या होऊ लागतात. या गुठळ्या विरघळताना जे तुकडे रक्तात येतात, त्यांपैकी एक म्हणजे 'डी-डायमर'.

हृदयाची कथाही याहून फारशी निराळी नाही. ट्रोपोनिन हे प्रथिन एरवी हृदयाच्या स्नायूपेशींत असते. त्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करताना हीच चाचणी केली जाते. कोरोनात मात्र झटका आला नसतानाही ट्रोपोनिन वाढू शकते. प्राणवायूची कमतरता, फुप्फुसातील गुठळ्यांमुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर पडणारा ताण किंवा खुद्द हृदयस्नायूचा दाह, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की 'बीएनपी' या वर्गातील घटकही वाढतात.

या खुणांचा मृत्यूच्या धोक्याशी संबंध आहे, हे साथीच्या अगदी सुरुवातीला चीनमधील वुहान येथे दिसून आले. तेथील १९१ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर प्रतिमिलिलिटर १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ठळकपणे अधिक आढळला. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला १८७ रुग्णांचा दुसरा अभ्यास हृदयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. ज्यांना पूर्वीचा हृदयविकार नव्हता आणि ट्रोपोनिनही वाढलेले नव्हते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ७.६ टक्के होते. हृदयविकार असूनही ट्रोपोनिन न वाढलेल्यांत ते १३.३ टक्के, तर हृदयविकार नसताना ट्रोपोनिन वाढलेल्यांत ३७.५ टक्के होते. दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्यांत ते ६९.४ टक्क्यांवर गेले. हे सर्व रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते आणि प्रत्येक गट लहान होता. त्यामुळे हे आकडे घरी बसलेल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जुना विकार असण्यापेक्षा, या आजारात हृदयाला प्रत्यक्ष इजा होत आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

येथपर्यंत सारे सरळ वाटते. परंतु सूचक घटक धोक्याची सूचना देतो, याचा अर्थ तो घटकच धोक्याचे कारण आहे, असा होत नाही. घरातून धूर दिसला म्हणजे आग लागली असावी, हे कळते. पण धूर पांगवल्याने आग विझत नाही. दुसऱ्या लाटेत नेमकी हीच गफलत अनेक ठिकाणी झाली. डी-डायमर वाढले म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि सीआरपी वाढले म्हणून स्टेरॉइड, असे उपचार प्राणवायूची पातळी उत्तम असलेल्यांवरही घरबसल्या सुरू झाले. वास्तविक ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्येच जाहीर झाले होते. डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एकपंचमांशाने घटले. पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना काहीही लाभ झाला नाही. उलट अनावश्यक स्टेरॉइड आणि अनियंत्रित मधुमेह यांच्या संयोगाने म्युकरमायकोसिसला वाट मोकळी झाली, हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले.

हेपॅरिनच्या बाबतीतही असाच धडा मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेच्या हेपॅरिनचा लाभ दिसला. पण तो डी-डायमर किती आहे, यावर अवलंबून नव्हता. अतिगंभीर रुग्णांना तर त्याच मात्रेचा उपयोग झाला नाही. याउलट, आकड्याने उपचाराला योग्य दिशा दिल्याचे उदाहरणही आहे. प्राणवायू कमी आणि सीआरपी प्रतिलिटर ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, अशा दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या ४,११६ रुग्णांवर 'रिकव्हरी'ने टोसिलिझुमॅबची चाचणी घेतली. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. येथे सीआरपीचा आकडा एकटा नव्हता. घटलेल्या प्राणवायूची त्याला जोड होती.

अहवाल वाचतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. डी-डायमर वाढत्या वयात, गर्भारपणात, शस्त्रक्रियेनंतर आणि इतर जंतुसंसर्गातही वाढते. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही ते वाढलेले असू शकते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात ट्रोपोनिन आधीपासूनच जास्त असू शकते. सीआरपी तर कोणत्याही मोठ्या जंतुसंसर्गात वाढते. याशिवाय एकाच घटकाची मोजमापे प्रयोगशाळेगणिक निराळी असतात. डी-डायमर एका ठिकाणी ०.५ मायक्रोग्रॅम लिहिलेले असते, तर दुसरीकडे ५०० नॅनोग्रॅम. दोन्ही एकच आहेत. काही प्रयोगशाळा तर मोजण्याचे एककच असे वापरतात की, तोच आकडा जवळपास निम्मा दिसतो. रिसोडचा अहवाल आणि अकोल्याचा अहवाल शेजारी ठेवून 'आकडा दुप्पट झाला' म्हणून घाबरण्यापूर्वी एकक तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. शक्यतो एकाच प्रयोगशाळेतील अहवालांची तुलना करावी आणि एकट्या आकड्यापेक्षा चढ-उतार पाहावा, हे उत्तम.

चाचणी कोणाची करावी, याचे उत्तर देशाच्या मार्गदर्शक सूचनांतच होते. एप्रिल २०२१ च्या सूचनांनुसार मध्यम आजारी रुग्णांची सीआरपी व डी-डायमर चाचणी दर ४८ ते ७२ तासांनी करावयाची होती. सौम्य रुग्णांसाठी तिची सरसकट शिफारस नव्हती. 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही मे २०२१ च्या आरंभी, सौम्य लक्षणे असताना अशा चाचण्या व सीटी स्कॅन करून घेण्याची गरज नाही, त्यातून भीतीच वाढते, असा इशारा दिला होता. त्या दिवसांत हजारो रुपये चाचण्यांवर खर्च करणाऱ्या कुटुंबांकडे पल्स ऑक्सिमीटर मात्र नाही, असा विरोधाभास घडू शकत होता.

मग खेड्यातील डॉक्टरांनी आणि आशा सेविकांनी कशावर विसंबावे? ब्रिटनमधील हजारो रुग्णांच्या माहितीवरून तयार झालेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली '४सी' गुणपद्धती याबाबत मार्गदर्शक आहे. वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वासाचा वेग, प्राणवायूची पातळी आणि शुद्ध या सहा गोष्टी रुग्णाजवळ बसूनच कळतात. रक्ताच्या चाचण्या केवळ दोन, युरिया आणि सीआरपी. एकूण २१ गुणांपैकी ३ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्का, तर १५ किंवा अधिक गुण असलेल्यांत सुमारे ६२ टक्के आढळले. या यादीत ट्रोपोनिन नाही आणि डी-डायमरही नाही. मोठ्या रुग्णालयात त्या चाचण्यांचे स्थान आहेच. पण धोका ओळखण्याची पहिली पायरी त्यांच्यावाचून अडत नाही.

त्या पायरीची साधने केनवडच्या घराघरांत वापरता येण्याजोगी आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी तापमान आणि प्राणवायू मोजला गेला. राज्याच्या आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणीही अशीच बिनखर्चाची. चालल्यानंतर प्राणवायू ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त टक्क्यांनी उतरला किंवा धाप लागली, तर रुग्णाला रुग्णालयात न्यावे, असा हा सोपा नियम. श्वासाचा वेग मिनिटाला २४ किंवा अधिक होणे, हीदेखील आजार सौम्य न राहिल्याची खूण. साध्या रक्ततपासणीतील न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे प्रमाण पाहण्यासही वेगळा खर्च येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही आणि श्वसनाच्या अन्य गंभीर संसर्गांतही हृदयावर व रक्तावर अशाच खुणा उमटतात. त्यामुळे साथीने शिकविलेला विवेक पुढेही उपयोगी पडणार आहे. चाचणी करण्यापूर्वी, तिच्या उत्तराने उपचारात किंवा रुग्ण हलविण्याच्या निर्णयात काय बदल होणार आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. बदल होणार असेल, तर चाचणीस विलंब करू नये. होणार नसेल, तर अहवालाची वाट पाहण्याऐवजी रुग्णाचा श्वास मोजावा.