सहा महिन्यांचा परवाना, सहा महिन्यांचा कोयता

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. याच परिसरातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या घरदार बंद करून बाहेर पडतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. या टोळ्यांतील तरुणाला कोयता टाकून ट्रॅक्टरचे स्टिअरिंग धरायचे असेल तर त्याला वाहन परवाना हवा. आणि त्याची वाट नेमकी इथेच अडते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो काढल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवाना २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्याही काढता येतो. परंतु पक्क्या परवान्यासाठी सहसा निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवावी लागते, आणि त्यासाठी ऑनलाइन तारीख घ्यावी लागते.

आता हिशेब मांडा. एखाद्या तरुणाने पोळ्यानंतर शिकाऊ परवाना काढला. चाचणीची तारीख मिळाली कार्तिकातली. तोवर मुकादमाची उचल घेतलेली, टोळीची गाडी दारात उभी. तारखेला तो जालन्याच्या मैदानावर नसतो, उसाच्या फडात असतो. उन्हाळ्यात परत येतो तेव्हा शिकाऊ परवान्याची मुदत संपलेली असते. त्याला मुदतवाढ नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा दीडशे रुपये शुल्क, पन्नास रुपये परीक्षेचे, पुन्हा तीस दिवस. पुढे मालवाहू वाहनाचा परवाना हवा असेल तर हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. म्हणजे एक तारीख हुकली की माणूस एका हंगामाने मागे पडतो. हा कोणाचा आळस नव्हे. परवान्याची मुदत सहा महिने आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. ही मुदत ठरवताना फडातल्या माणसाचा विचार कोणी केला होता काय?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, तारीख जमणार नसेल तर ती वेळेत रद्द करा. सारथी संकेतस्थळावर घेतलेली वेळ रद्द करण्याची व नवी वेळ निवडण्याची सोय आहे. एका दिवसात ठरावीक उमेदवारांचीच चाचणी होते. आपण सोडलेली वेळ दुसऱ्या गरजूच्या कामी येते. दुसरी गोष्ट, गैरहजर राहणे म्हणजे नापास होणे नव्हे. नापास उमेदवाराला सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते आणि तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते, असे कलम ९ सांगते. ज्याने चाचणी दिलीच नाही त्याला हे कलम लागू करता येणार नाही. तेव्हा "तुम्ही नापास, पुन्हा पैसे भरा" असे कोणी दलाल सांगत असेल तर त्याच्याकडे लेखी मागा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अर्ज भरताना मोबाईल नंबर स्वतःचा द्या. आपले लोक अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतात, आणि भरणारा स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. मग ओटीपी त्याच्याकडे, संदेश त्याच्याकडे. स्वतःची तारीख बदलायची तरी त्याचे पाय धरायचे! अर्ज क्रमांक आणि मोबाईल ज्याच्या हातात, अर्ज त्याच्याच मुठीत.

२०१९ साली दोन बदल झाले. व्यावसायिक वाहन परवान्यासाठी आठवी पासची अट गेली. या अटीने शाळा सुटलेली आपली किती पोरे वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवली होती! दुसरे म्हणजे, राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा कायद्याने दिली. म्हणजे टोळी राज्यातल्या ज्या जिल्ह्यात असेल तिथेही परवान्याचा अर्ज करता येतो. कागदावरचा हा हक्क फडापर्यंत पोहोचवणार कोण?

परवान्याशिवाय गाडी हाकण्याचा सल्ला देणारेही गावोगाव आहेत. त्यांना सांगावे, दंड पाच हजारांचा आहे आणि तो त्यातल्या त्यात स्वस्त आहे. अपघात झाला, चालकाकडे परवाना नाही असे सिद्ध झाले, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. आणि मालक मग ती चालकाच्या उचलीत मांडतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तालुक्याच्या ठिकाणी आरटीओची जादा चाचणी शिबिरे घ्यावीत. ऊसतोड मजुरांना तारखेत प्राधान्य द्यावे. काम रखडले तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करावे. त्यात दोषी अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आणि कार्यकर्त्यांनी निवेदन देऊन थांबू नये. टोळ्या निघण्याआधी एका रविवारी बुद्धविहारात बसावे, शिकाऊ परवान्यावरची शेवटची तारीख प्रत्येकाला वाचून दाखवावी आणि जमणार नाहीत त्या चाचण्यांच्या तारखा त्याच्याच मोबाईलवरून बदलून द्याव्यात.