शेवटपर्यंत गप्प राहणारा हॉटेलबॉय: जेरी लुईसचा ‘द बेलबॉय’ आजही का हसवतो?

वऱ्हाडात विनोद म्हटला की आधी बोली आठवते. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’मध्ये नुसतं तोंड उघडलं तरी लोक हसायचे. पण हिरो तोंडच उघडत नसेल तर? १९६० साली आलेला ‘द बेलबॉय’ हा अमेरिकन सिनेमा याच प्रश्नावर उभा आहे.

बेलबॉय म्हणजे कोण?

मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचं सामान खोलीपर्यंत पोहोचवणारा, सांगेल ते काम करणारा पोरगा. अकोल्यातल्या एखाद्या लॉजवर बॅग वर नेऊन देणारा असतो ना, तोच. फक्त इथे अंगावर कडक युनिफॉर्म आहे. सिनेमातला बेलबॉय स्टॅनली मायामी बीचच्या फाँटनब्लू या आलिशान हॉटेलात काम करतो. सिनेमाला सलग गोष्ट नाही आणि तसं सुरुवातीलाच सांगून टाकलं जातं. एकामागून एक छोटे विनोदी प्रसंग, बस. आजच्या भाषेत, रील्सची माळ.

सिनेमा बनला कसा?

पॅरामाउंट स्टुडिओला लुईसचा ‘सिंड्रेफेला’ उन्हाळ्यात आणायचा होता. लुईसला मात्र तो नाताळातच हवा होता. मग उन्हाळ्यासाठी दुसरा सिनेमा देतो, असं त्याने सांगितलं. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि हिरो तोच. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. दिवसा त्याच हॉटेलात शूटिंग आणि रात्री तिथेच स्टेज शो, असं काही आठवडे चाललं. स्वतःचा अभिनय लगेच पाहता यावा म्हणून त्याने सेटवर टीव्ही कॅमेरा आणि पडदा वापरला. आज प्रत्येक सेटवर दिसणाऱ्या मॉनिटरच्या इतिहासात म्हणूनच लुईसचं नाव येतं.

स्टॅनली खरंच वेंधळा आहे का?

एक प्रसंग पाहा. गाडीच्या डिकीतलं सगळं सामान आत आणायचा हुकूम होतो. गाडी असते फोक्सवॅगन बीटल. तिचं इंजिन मागे असतं. स्टॅनली मागचं झाकण उघडतो आणि इंजिनच उचलून आणतो! दुसऱ्या प्रसंगात त्याला अवाढव्य रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायला सांगतात. एकट्या माणसाला किती वेळ लागेल? साहेब जरा वेळाने बघतात, तर सगळ्या खुर्च्या रांगेत.

म्हणजे स्टॅनली कामचुकार नाही. तो हुकूम शब्दशः पाळतो. फजिती होते ती नीट न सांगणाऱ्यांची आणि त्याचं न ऐकणाऱ्यांची. तो बोलायला जातो तेव्हा त्याला मध्येच तोडलं जातं. शेवटी कुणीतरी विचारतं, इतके दिवस बोलला का नाहीस? उत्तर साधं असतं: कुणी विचारलंच नाही.

वेटर, वॉचमन, डिलिव्हरी बॉय यांची फजिती करणारे प्रँक रोज आपल्या फीडवर येतात. तिथे हसण्याचा विषय असतो कमी पगारावर राबणारा माणूस. ‘द बेलबॉय’मध्ये बाण उलटा फिरतो. लुईस स्वतःलाही सोडत नाही. भलामोठा लवाजमा घेऊन हॉटेलात उतरणारा फिल्मस्टार जेरी लुईस ही भूमिकाही त्यानेच केली आहे.

आपल्याकडचं कनेक्शन काय?

किशोर कुमारचा ‘हाफ टिकट’ (१९६२) आठवतो? अर्ध्या तिकिटासाठी लहान मुलगा बनणारा मोठा माणूस. त्याचं मूळ लुईसच्याच ‘यू आर नेव्हर टू यंग’ (१९५५) या सिनेमात आहे. आणि किशोर कुमार खंडव्याचा. अकोल्याहून अकोटमार्गे मीटरगेज रेल्वे जायची, तेच खंडवा. १९२९ मध्ये त्याचा जन्म झाला तेव्हा खंडवा, अकोला आणि अमरावती एकाच ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ प्रांतात होते.

आज का पाहावा?

सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे, कृष्णधवल आहे. इंग्रजी येत नसलं तरी फारसं अडत नाही. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी हसू येतं, कारण विनोद चेहऱ्यात आणि हातापायांत आहे. आणि पुढच्या वेळी हॉटेलात बॅग उचलणाऱ्या पोराला नाव विचारलंत, तर उत्तमच.