सोपे सेक्टर आधी

बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कला सगळ्यात जास्त घाव घालतो तो तिचाच संगणक. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचून बघते. तरी जमलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टीम तोच परत मागते. मग मालक म्हणतो, एकदा रिस्टार्ट करून बघू. सेक्टर केवढा, तर जुन्या डिस्कवर ५१२ बाइट आणि नव्यांवर ४०९६. तेवढ्यासाठी डेटा वाचणारं दुखावलेलं हेड त्याच जागी घिरट्या घालत राहतं आणि शेजारचा धडधाकट डेटाही धोक्यात येतो.

धोका किती नाजूक आहे, तर मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून उडतं. ते टेकलं की चुंबकीय थर खरवडला जातो. खरवडलेल्या थरातली माहिती कोणाच्याच हातची उरत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

म्हणून डेटा वाचवण्याच्या धंद्यातलं मला सर्वांत आवडलेलं हत्यार म्हणजे फुकट मिळणारा एक रुक्ष प्रोग्रॅम, ग्नू डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ २००४ पासून तो लिहीत आले आहेत. ना खिडक्या, ना बटणं. काळ्या पडद्यावर फक्त आकडे पळतात. युनिक्सची प्रत काढणारी जुनी 'डीडी' आज्ञा पहिल्याच चुकीला थांबते. हा प्रोग्रॅम तिथे थांबत नाही आणि हट्टही धरत नाही. हुशार मुलगा पेपर सोडवतो तसा अडलेला प्रश्न सोडून पुढे जातो. जे विनासायास वाचता येतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. मग सोडलेल्या पट्ट्यांच्या कडा कुरतडत आत शिरतो, त्यानंतर उरलेलं एकेक सेक्टर करून खरवडतो. वाईट सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न करायचा तो अगदी शेवटी, तोही आपण सांगितलं तरच.

त्याची वही, म्हणजे मॅपफाइल, तर फारच देखणी. साध्या मजकुरात डिस्कच्या प्रत्येक पट्ट्यापुढे एक खूण असते: मिळालेल्याला अधिक, गेलेल्याला वजा, अजून न पाहिलेल्याला प्रश्नचिन्ह. मध्येच लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं, आणि एकदा मिळालेल्या भागासाठी मूळ डिस्कला परत त्रास द्यावा लागत नाही. आपल्याकडच्या लोडशेडिंगच्या गावांत हा गुण ऐषारामाचा म्हणता येणार नाही.

पुढची सगळी चिरफाड प्रतीवर. फाइलींची यादीच नष्ट झाली असेल तर क्रिस्तोफ ग्रनिये यांचा फोटोरेक प्रोग्रॅम फाइलींच्या सुरुवातीच्या ठशांवरून त्या ओळखतो. जेपीईजी फोटो नेहमी एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी सुरू होतो. फोटो मिळतात, नावं मात्र जातात. लग्न आणि बारसं एकाच ढिगात, नुसत्या आकड्यांच्या नावांनी.

डिस्क टक-टक वाजू लागली की प्रोग्रॅमचं राज्य संपलं. हेडला तबकडीवरच्या मार्गखुणा सापडत नाहीत, म्हणून हेडचा हात पुन्हा पुन्हा मूळ जागी परततो, त्याचा तो आवाज. अशा वेळी वीज तोडणं हाच उपचार. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजूनही फिरतो; बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, त्याचं काय, हे सांगणारा कुणी भेटत नाही. आता हवं धूळमुक्त दालन आणि त्याच मॉडेलची 'डोनर' डिस्क, जिची हेडं काढून बसवायची. नुसता सर्किट बोर्ड बदलूनही आता भागत नाही, कारण त्याच्यावरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कचं मोजमाप साठवलेलं असतं. ती चिपही हलवावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डिस्क घेऊन गेलात तर दर विचारण्याआधी एवढं विचारा: आधी क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, घेणार ना? उत्तर देताना दुकानदार घुटमळला तर डिस्क उचला आणि निघा.

या कसबाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावलांसह सात जणांना घेऊन परतणारं हे यान टेक्सासवर फुटलं. काही महिन्यांनी अवशेषांत एक हार्ड डिस्क सापडली, क्षमता काहीशे मेगाबाइट. बाहेरून ती जळून वेडीवाकडी झाली होती, सील वितळून आत धूळ गेली होती, तबकड्यांवर खड्डे पडले होते. मिनेसोटातल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीने तबकड्या रसायनाने साफ करून दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के डेटा बाहेर आला.

यात कौशल्याइतकाच वाटा योगायोगाचा. डिस्क अर्धीच भरलेली होती आणि संगणक जुन्या डॉसवर चालत होता. डॉसने डेटा इतस्ततः न विखुरता सलग लिहिला होता. खड्डे पडले ते रिकाम्या भागात. यानातल्या आणखी दोन डिस्कांतून काहीच मिळालं नाही. वाचलेल्या डिस्कवर झेनॉन वायूच्या प्रयोगाची मोजमापं होती. क्रांतिक बिंदूजवळचा झेनॉन ढवळला की त्याची चिकटी कमी होते, हा त्यातला निष्कर्ष २००८ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई'मध्ये छापून आला.