पावसाळाभर उभी असलेली बाईक बाहेर काढताना

हा एपिसोड ऐकताना अनेकांचा एक हात लोकलच्या कडीला असतो, त्यामुळे लिहून घेणं शक्य नसतं. म्हणून हा लेखी अवतार. आकडे परत बघायचे असतील तर इथे बघा.

आजचा विषय सरळ आहे. जून-जुलैपासून कव्हरखाली उभी असलेली बाईक आता बाहेर काढायची आहे. तर चावी फिरवायच्या आधी काय बघायचं?

यूट्यूबवर शोधलंत तर नव्वद टक्के व्हिडिओ थंड देशांतले सापडतील. तिकडे नोव्हेंबरमध्ये बर्फ पडला की गाडी गॅरेजात जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये बाहेर येते. टोरांटोत राहणारे आपले मराठी लोकही हेच करतात. त्या व्हिडिओंमध्ये सगळा जोर बॅटरीवर. बॅटरी चार्ज करा, सेल्फ मारा, चला. आपल्याकडे हिवाळा म्हणजे उलट बाईक चालवायचे दिवस. आपली गाडी उभी राहते ती पावसाळ्यात. हवामान खात्याच्या तारखांप्रमाणे मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो, म्हणजे जवळजवळ चार महिने. खड्डे आणि तुंबलेलं पाणी बघून आमच्या पेणकरपाड्यात बरेच जण या काळात ट्रेन नाहीतर बस पकडतात. मीही त्यातलाच.

तर आपल्या गाडीचा शत्रू थंडी नाही, पाणी आहे. आणि मिरा-भाईंदरला तिन्ही बाजूंनी खाडी, मिठागरं आणि समुद्र. हवेत ओलावा आहेच, वर मीठही आहे. त्यामुळे तपासणीचा क्रम बदलतो. माझा क्रम असा: आधी गाडी पाण्यात होती का, मग ती थांबते का, आणि सगळ्यात शेवटी ती सुरू होते का.

पाण्यापासून सुरू करू, कारण इथे चुकलात तर इंजिन जातं. तुमच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं का? वॉचमन काकांना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. भिंतीवर, टायरवर, सायलेन्सरवर चिखलाची आडवी रेघ दिसते का बघा. ती रेघ सायलेन्सरच्या तोंडाच्या किंवा एअर फिल्टरच्या वर असेल, तर सेल्फला हात लावायचा नाही. किकही नाही, ढकलून सुरू करणंही नाही.

का? इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा तो हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन मध्येच अडकतो, आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी तशीच ठेवली असती तर काम प्लग काढणं, पाणी बाहेर काढणं आणि ऑइल बदलणं एवढ्यावर निभावलं असतं. एका बटणामुळे ते इंजिन खोलण्यावर जातं. विम्याचीही यात मेख आहे. पाण्यात उभी राहून झालेलं नुकसान वेगळं, आणि पाणी गेलेलं इंजिन सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान वेगळं धरतात. दुसऱ्यासाठी सहसा इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. म्हणून अशी गाडी टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्यायची. तो प्लग काढेल, इंजिन फिरवून पाणी उडवेल, ऑइल बघेल. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.

पाणी भरलं नव्हतं? छान. तरी सीट उघडा आणि उंदीर बघा. हसू नका, पावसात बिळं भरली की उंदीर कोरडी जागा शोधतात, आणि सीटखालची जागा व एअर फिल्टरचा डबा त्यांना वन बीएचके वाटतो. कुरतडलेल्या वायरी, कागदाचे कपटे, लेंड्या, फिल्टरच्या नळीत कोंबलेला कापूस, हे सगळं शोधायचं. आमच्या इमारतीतल्या एका दादाची गाडी दोन दिवस सुरू होईना, नवी बॅटरी बसवूनही होईना. शेवटी कुरतडलेली निघाली पेट्रोल पंपाची वायर.

ही साफसफाई उघड्या हातांनी करू नका. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि त्याचे जंतू हातावरच्या छोट्या जखमेतूनही शरीरात जातात. रबरी हातमोजे घाला, कोरडा झाडू मारू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, मग पुसा. नंतर साबणाने हात धुवा. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना ही साफसफाई आवर्जून सांगा. 'व्हायरल असेल' म्हणून घरी गोळ्या खात बसू नका.

आता थांबण्याचं बघू. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि पार्किंगमध्ये हाताने दहा पावलं ढकला. चाकं मोकळी फिरतात का? पुढचा ब्रेक दाबा, सोडा, परत ढकला. सोडल्यावरही चाक जड लागत असेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकलाय. मागे ड्रम ब्रेक असेल तर शू ड्रमला चिकटलेले असू शकतात. दोन्ही कामं मेकॅनिकची. जोर लावून सोडवायला जाऊ नका.

डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका. ती वरवरची पापुद्री असते, हळू वेगात आठ-दहा वेळा ब्रेक दाबलात की पॅड ती खरवडून काढतात. घाबरायचं ते गंज घालवायला कुणी डिस्कवर ऑइल किंवा गंजरोधक स्प्रे मारला तर. डिस्कला तेल लागलं आणि पॅडने ते शोषलं की पुढचा ब्रेक जवळजवळ गेलाच समजा.

लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखा आत जातो का, तेही बघा. ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी शोषलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर सारखा ब्रेक धरलात की ते तापतं, आत वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो. हँडलवरच्या छोट्या काचेतून रंग बघा. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. काळपट झालं असेल किंवा दोन वर्षं उलटली असतील तर बदला. दमट हवेत राहणाऱ्यांनी हे लांबवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरचं थोडक्यात. हवा कमी झालेली असणारच. थंड टायरमध्ये भरा. किती पीएसआय ते मागच्या चाकाच्या दांडीवर किंवा चेनच्या कव्हरवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. बाजूला भेगा दिसतात का, आणि नक्षी टीडब्ल्यूआय लिहिलेल्या खुणेपर्यंत झिजली का, बघा. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी एवढा जुना रबर कडक झालेला असतो.

अॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि सोडा. तो आपोआप खट्कन मागे आला पाहिजे. केबल गंजून अडकत असेल तर त्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. यात तडजोड नाही.

मग क्लच. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक बाईकच्या क्लच प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि चार महिने एकमेकींना दाबून बसल्या की चिकटतात. मग क्लच पूर्ण दाबला असला तरी तो सुटत नाही. अशा वेळी पहिला गिअर टाकलात की गाडी समोरच्या भिंतीवर उडी मारते. म्हणून इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि पुढे-मागे हलवा. चाक मोकळं झालं की प्लेट सुटल्या.

पेट्रोलबद्दल व्हॉट्सअॅपवर भरपूर भीती फिरते, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे सुमारे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाण्याला ओढून घेतं, हे खरं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि पंप पेट्रोल ओढतो तळाजवळूनच. हेही खरं. पण बंद टाकीत नुसत्या हवेतल्या ओलाव्याने एवढं पाणी जमायला बराच वेळ लागतो. चार महिन्यांत पाणी येतं ते बहुतेकदा झाकणातून. टाकीच्या झाकणाभोवती पाणी निचरायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि हळूहळू आत झिरपतं. गाडी उघड्यावर उभी होती आणि हे भोक बुजलेलं दिसतंय, तर हातपंपाने टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून घ्या. एकसंध असेल तर ताजं पेट्रोल भरून चालवा. हे काम मोकळ्या हवेत करायचं, जवळ सिगरेट, दिवा, काही नको. आणि नळीने तोंडाने पेट्रोल ओढायचा मर्दपणा नको. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका, त्याचा चिकट साका होतो.

आता कुठे बॅटरी. मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो, घ्या. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करा. १२ च्या खाली बरेच दिवस पडून राहिली असेल तर प्लेटवर सल्फेट जमलेलं असतं, चार्ज झाली तरी टिकेल असं नाही. बाईकची बॅटरी लहान असते, पाच-सहा ते नऊ अँपिअर-अवर. तिला साधारण दहाव्या हिश्शाच्या करंटवर, म्हणजे अर्धा ते एक अँपिअरवर, सावकाश चार्ज करायचं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

'ढकलून सुरू करू' हा जुना उपाय आता सरसकट चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि बहुतेक बाईक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू दोघांनाही वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर तुम्ही पेणकरपाड्यापासून दहिसर चेक नाक्यापर्यंत ढकललीत तरी ती सुरू होणार नाही.

सुरू करताना गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि मोकळ्या हवेत. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चावी फिरवून पंपाचा 'झूंऽऽ' आवाज थांबू द्या, मग सेल्फ. पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये पंधरा सेकंद थांबा. सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका, ऑइल वरपर्यंत पोचू द्या. बॅटरीवर मीटर लावलात तर आता साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंगमध्येच गडबड आहे.

ऑइल बदलायचं का? पावसाळ्यात 'आठवड्याला पाच मिनिटं' सुरू करून ठेवली असेल तर माझं उत्तर हो. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळण्यातून तयार झालेली वाफ आतच थंड होते आणि ऑइलमध्ये उतरते. पूर्ण बंद ठेवणं त्यापेक्षा बरं.

चेन गंजली असेल तर केरोसीनने ब्रशने धुवा, पुसा, चेन लूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरायची जी पद्धत आहे, तिने लोकांची बोटं गेलीत. पेरासकट.

अनेकांची गाडी खंडेनवमीला किंवा दसऱ्याला बाहेर निघते. पूजा करा, झेंडू घाला, फक्त हळद-कुंकू आणि तेलाचा हात डिस्कला लागू देऊ नका. आणि निघण्याआधी हार काढून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, दोरा केबलमध्ये अडकलेला असतो.

कागदपत्रंही याच चार महिन्यांत संपतात. पीयूसीची तारीख बघा. २०१८ च्या सप्टेंबरनंतर घेतलेल्या नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो, त्यामुळे 'विमा आहे' असं वाटत राहतं आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षानंतरच संपलेला असतो. तो संपून ९० दिवस झाले की नो क्लेम बोनसही जातो.

पहिली फेरी हायवेवर नको. सॉफ्टवेअरच्या भाषेत आधी स्टेजिंग, मग प्रॉडक्शन. आतल्या गल्ल्यांत वीसच्या वेगाने जा, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून बघा, एबीएसचा दिवा थोडं पुढे गेल्यावर विझतो का पाहा. वीसेक किलोमीटर झाले की घरी या, हवा परत मोजा, चेनचा ढिलेपणा बघा. रात्री इंजिनखाली एक पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर फोटो काढा आणि पुठ्ठ्यासकट मेकॅनिककडे न्या, कुठला सील गळतोय ते त्याला डागाच्या जागेवरून लवकर कळतं.